तोल, समतोल, संतुलन आणि बॅलन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभ्यासिकेतली पोरं, बचत गटाच्या ताई, दोन-चार कास्तकार आणि एक ग्रामसेवक भाऊ, एवढ्यांनी मिळून "तोल" या एका शब्दावरून माझं डोकं खाल्लंय. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, कोणी व्हॉट्सअॅपवर टाकते, कोणी चौकात थांबवून विचारते, म्हणून आता एकाच जागी लिहून ठेवतो. उदाहरणं आपल्याच विदर्भातली घेतली. एकाचं उत्तर दुसऱ्यात घुसत असेल तिथे नंबर दिलाय, तो बघून घ्या.

1. तोल म्हणजे नेमकं काय? वजन की बॅलन्स?

मुळात वजनच. संस्कृतात तुल् धातू आहे, त्याचा अर्थ तोलणं, वजन करून पाहणं. तुला, तुलना, तुल्य, अतुल, तोळा ही सगळी त्याच घरची भावंडं. पण मराठीत झालं असं की तोलणे हे क्रियापद वजनाकडे राहिलं आणि तोल हे नाम हळूहळू न पडण्याकडे सरकलं. म्हणजे "सोनं तोललं" यात वजन आहे, पण "धुऱ्यावरून (बांधावरून) जाता जाता तोल गेला" यात कोणी काही मोजत नाही, माणूस चिखलात पडलाय बस.

आपल्या इकडे हिंदीची ये-जा जास्त, त्यामुळे बाजारात "तौलून दे" असंही ऐकू येते. हिंदीतला तौल म्हणजे निव्वळ वजन, न पडणं त्यात येत नाही. बोलताना चालते, लिहिताना तोलून लिहा.

2. तोल गेला की तोल गेली? संतुलन बिघडला की बिघडलं?

तोल पुल्लिंगी, म्हणून तोल गेला, त्याचा तोल, तिचा तोल. समतोल पण पुल्लिंगी, समतोल राखला. संतुलन नपुंसकलिंगी, संतुलन बिघडलं. स्पेलिंग पण इथेच सांगून टाकतो, संतुलन मधला तु ऱ्हस्व, "संतूलन" असे फलक दिसतात ते चूक.

3. तोल, समतोल, संतुलन, तिन्ही एकच ना? मग तीन शब्द काहून?

एकच असते तर दोन केव्हाच मेले असते. माझा हिशोब असा आहे.

तोल हा हलत्या जिवाचा शब्द. माणूस, बैल, सायकल, डोक्यावरची घागर, बांबूवर चढलेला पेंटर. जे कोणत्याही क्षणी पडू शकते आणि पडू नये म्हणून सतत बारीक बारीक सावरून राहिलंय, त्याला तोल. विहिरीवरून पाणी आणणारी बाई डोक्यावर दोन घागरी, एक कमरेवर घेऊन येते, मान सरळ, कंबर मात्र पावलागणिक हलते, ते हलणंच तोल सांभाळणं आहे, दगडासारखी ताठ चालली तर वरची घागर पहिल्याच खड्ड्यात खाली येईल.

समतोल म्हणजे दोन किंवा जास्त गोष्टींचा एकमेकांशी जमलेला हिशोब. खर्च आणि उत्पन्न, अभ्यास आणि खेळ, जनावरं आणि चारा. इथे पडणारं अंग नसते, तर ठरवाठरव असते. शिवाय हा शब्द विशेषण म्हणूनही येतो, समतोल आहार, समतोल विचार. तोल असा वापरताच येत नाही, "तोल आहार" कोणी म्हणत नाही.

संतुलन अर्थाने समतोलच्या जवळचा, पण कपडे इस्त्रीचे. सरकारी पत्र, पाठ्यपुस्तक, डॉक्टरचा रिपोर्ट, भाषण. संतुलित पशुखाद्य, मानसिक संतुलन, पर्यावरणाचं संतुलन. हिंदीत हाच चालतो त्यामुळे टीव्हीवरून जास्त कानावर पडते. बोलण्यात वापरला तर चूक नाही, पण "सायकलवर माझं संतुलन गेलं" असं कोणी म्हटलं की समोरचा हसतो, कारण पडताना माणूस एवढं शुद्ध पडत नाही.

परीक्षेला बसणाऱ्या पोरांनी एवढं पकडलं तरी चालते : अंग असेल तर तोल, हिशोब असेल तर समतोल, कागद असेल तर संतुलन. अपवाद आहेत, 12 आणि 15 बघा.

4. तोल जातो, सुटतो, ढळतो, यात काही फरक आहे का?

आहे, आणि गंमत तिथेच आहे. तोल जाणे सगळ्यात साधं, शरीराला पण चालते आणि रागाला पण. तोल सुटणे म्हणजे आतापर्यंत धरून ठेवला होता आणि आता हातातून निसटला, म्हणून ते रागाला जास्त शोभते : "ग्रामसभेत बोलता बोलता सरपंचाचा तोल सुटला." तोल ढळणे जरा लेखी आणि गंभीर, बहुतेक वेळा मनाचा किंवा विवेकाचा तोल ढळतो, पायाचा नाही. तोल सोडून बोलणे म्हणजे माणसाने स्वतःच सोडला, तिथे कीव करायचं कारण नाही.

उलट बाजूने सावरणे, सांभाळणे, राखणे, साधणे. सावरणे म्हणजे जात होता, पकडला. सांभाळणे म्हणजे अजून गेला नाही, चालू आहे. राखणे जास्त वेळचं काम, आणि ते समतोलला बरं दिसते. साधणे म्हणजे मेहनत करून जमवणं, तेही समतोललाच. "तोल साधला" वाचायला मिळते पण मला ते कसरतवाल्याबद्दलच पटते.

आणि एक खास : दरवेळी "तोल गेला" न लिहिता "झोक गेला", "झोकांडी खाल्ली" हे शब्द वापरून बघा. झोकांडीत माणूस पडत नाही, एका बाजूला जाऊन परत येते. संध्याकाळी बस स्टँडजवळ कोणकोण झोकांड्या खात घरी जातात ते सांगायची गरज नाही.

5. आमच्या घरी "तोल सांभाय" म्हणतात, शाळेत सर हसले. हे चूक आहे का?

चूक नाही बाप्पा, ही वऱ्हाडी आहे. आपल्या बोलीत ळ चा य होते आणि तो नियमाने होते, कुठेही नाही : डोळे चे डोये, शाळा ची शाया, केळं चं केयं, पोळा चा पोया. त्याच नियमाने सांभाळ चा सांभाय. आजी "बाबू, तोल सांभायजो" म्हणते त्यात जी माया आहे ती "तोल सांभाळ" मध्ये नाही येत. अर्जात, पेपरात, बातमीत मात्र सांभाळ लिहा. बोलीला हसणाऱ्या सरांना नियम सांगा, हसणं थांबेल.

6. बचत गटाच्या रजिस्टरमध्ये आम्ही "बॅलन्स" लिहितो. मराठीत काय लिहायचं? तोल?

ताई, तोल नका लिहू, ऑडिटवाला घाबरेल. पैशाच्या बाबतीत उरलेली रक्कम ती शिल्लक. महिन्याच्या सुरुवातीची ती आरंभीची शिल्लक, शेवटची ती अखेरची शिल्लक. कोणाकडून यायचे असतील तर येणे बाकी, कोणाला द्यायचे असतील तर देणे बाकी. वर्षाच्या शेवटी एका बाजूला मालमत्ता आणि दुसऱ्या बाजूला देणी लिहून जो कागद बनतो त्याला ताळेबंद म्हणतात. आणि दोन्ही बाजू जमत नसतील तर "ताळमेळ बसत नाही" म्हणायचं, हे तर सगळ्यांना येतेच.

बॅलन्स हा शब्द मी काही हाकलून लावत नाही, मोबाईलमधला बॅलन्स बॅलन्सच आहे, ट्रॅक्टरच्या चाकाचं बॅलन्सिंग करून आणलं असंच आपण म्हणतो. फक्त एकाच वाक्यात दोन अर्थ आले की घोळ होते. "भाऊचा बॅलन्स गेला" म्हटल्यावर भाऊ पडला की रिचार्ज संपला हे विचारावं लागते.

7. समतोल म्हणजे दोन्हीकडे सारखं, निम्मं निम्मं. बरोबर?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

बंडी घ्या. दोन चाकांची बंडी, मधे आस, पुढे जू आणि जुवाखाली बैल. आता कुटार भरायचं आहे. आसाच्या पुढे आणि मागे काट्यावर मोजून सारखंच वजन टाकलं तर समतोल झाला असं वाटते. पण जुना धुरकरी, म्हणजे बंडी हाकणारा, तसं भरत नाही, तो पुढच्या बाजूला थोडा भार जास्त ठेवते, कारण जू बैलाच्या खांद्यावर नीट बसून राहिलं पाहिजे. मागे जास्त झालं की बंडी उलार होते, जू वर उचलते, गळ्याखालचा पट्टा बैलाला आवळते आणि चढावर तर पूर्ण बंडीच मागे बसायला पाहते. पुढे फारच जास्त झालं तर बैलाचे खांदे सोलून निघतात. म्हणजे बरोबर जागा मधे नाही, मधापासून थोडी पुढे आहे, आणि ती पण रस्ता बदलला की बदलते. म्हणून चढ आला की धुरकरी स्वतः उठून पुढे येऊन बसते आणि उतार आला की मागे सरकते. त्याचं स्वतःचं वजनच तो तोलासाठी वापरते. हे त्याला कोणी शिकवलं नाही, बैलाच्या चालीवरून त्याला समजते.

कावडीचं पण तसंच. एकीकडचा डबा भरलेला, दुसरीकडचा अर्धा, तरी माणूस चालते, कारण तो खांदा जड डब्याच्या बाजूला सरकवते. वजन गुणिले अंतर दोन्हीकडे सारखं झालं की दांडी आडवी राहते. सारखं व्हायला पाहिजे ते वजन नाही, तर वजन आणि अंतर मिळून जो जोर पडते तो.

म्हणून "समतोल" लिहिताना आधी हे विचारा की काय न पडता राहायला पाहिजे. ते कळलं की कोणाला किती हे आपोआप ठरते, आणि ते निम्मं असेलच असं नाही.

8. कृषी केंद्रवाला म्हणते "संतुलित खत द्या". म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारखे द्यायचे का?

7 नंबरचंच दुसरं तोंड. नाही काकाजी, सारखे नाही. आपल्या देशात नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचं 4:2:1 हे प्रमाण आदर्श म्हणून सांगितलं जाते, म्हणजे पालाशच्या चौपट नत्र, तरी त्याला संतुलितच म्हणतात. आणि हेही ढोबळ आहे, पिकाप्रमाणे, जमिनीप्रमाणे ते बदलते, सोयाबीनला नत्र कमी लागते कारण त्याच्या मुळावरच्या गाठी हवेतला नत्र धरतात.

पोत्यावरचे आकडे वाचायला शिका म्हणजे कोणी उल्लू बनवणार नाही. डीएपी म्हणजे 18:46:0, शेवटचा आकडा शून्य, म्हणजे पालाश काहीच नाही. 20:20:0:13 मध्ये पण पालाश शून्य, तिथला 13 म्हणजे गंधक. युरियात 46 टक्के नत्र आणि बाकी दोन्ही शून्य. आता ज्याने फक्त युरिया आणि डीएपी टाकलं त्याने खर्च भरपूर केला पण संतुलन नाही केलं. 19:19:19 मध्ये तिन्ही सारखे आहेत, तरी ते प्रत्येक पिकाला प्रत्येक वेळी "संतुलित" ठरत नाही, कारण नाव संतुलित असणं वेगळं आणि आपल्या वावराला संतुलित असणं वेगळं. वर मॅग्नेशियमसारखी चौथी-पाचवी मंडळी आहेतच, ते कमी पडलं की पऱ्हाटीची (कपाशीची) पानं लाल पडतात, आपण लाल्या आला म्हणतो.

माती परीक्षण करून मृद आरोग्य पत्रिका घ्या, ही योजना 2015 पासून आहे. त्यात काय कमी आणि काय भरपूर ते लिहून येते. संतुलित शब्दाचा अर्थ तुमच्यापुरता त्या कागदावर आहे, शब्दकोशात नाही.

9. "पासंगालाही पुरत नाही" यातला पासंग काय असते?

हा फारसीतून आलेला शब्द, तराजू पण तिकडूनच आला. आठवडी बाजारात जुनी दोरीची ताजवी आठवते का, मधे दांडी, दोन्हीकडे पारडी. माल टाकायच्या आधी भाजीवाली रिकामा तराजू उचलून धरायची. एक पारडं जरा खाली राहिलं तर वरच्या पारड्याच्या दोरीला चिंधीत बांधलेला खडा, लोखंडाचा तुकडा, चिंचोका असं काहीतरी अडकवायची, मग दांडी आडवी यायची. तो खडा म्हणजे पासंग. तोलायच्या आधी तोल जमवणारं वजन.

आता म्हण समजते. पासंग एवढासा असते, मालात त्याची मोजदाद पण नाही. एखादा दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही म्हणजे त्याच्या बरोबरीचा राहू द्या, त्याचा तराजू सारखा करायला जो खडा लागतो तेवढा पण नाही. अपमान किती बारीक आहे बघा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पासंग नाही, तिथे शून्याचं बटन आहे, त्यामुळे माल ठेवायच्या आधी स्क्रीनवर शून्य आहे का हे बघायची सवय लावा. एका ठिकाणी आमची तूर मोजताना रिकाम्या काट्यावर आधीच आकडा होता आणि विचारलं तर "वाऱ्याने दाखवते" असं उत्तर मिळालं. वारा नेहमी व्यापाऱ्याच्याच बाजूने वाहते हे विशेष.

10. तोलाई, काटा, काटा मारणे, हे पण तोलमधूनच का?

तोलाई हो. बाजार समितीच्या पट्टीवर हमाली, तोलाई असे खर्च लिहिलेले असतात, त्यातली तोलाई म्हणजे माल तोलायची मजुरी. काटा मात्र वेगळा, तराजूच्या मधे जो टोकदार दर्शक असते त्यावरून काटा, आणि पुढे पूर्ण यंत्रालाच काटा म्हणायला लागले. ट्रक, ट्रॅक्टर चढतात तो धरमकाटा. काटा मारणे म्हणजे वजनात चोरी. पारडं जड होणे म्हणजे एका पक्षाची ताकद वाढणे, हे निवडणुकीत रोजच ऐकतो.

कामाचं एक : व्यापारात वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वैधमापन खात्याकडून दर वर्षी करून घ्यावी लागते, दांडीच्या तराजूची आणि वजनांची दोन वर्षांनी. शिक्का आणि सर्टिफिकेट बघायला मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, भांडण नाही.

11. तोलामोलाचा, तोलून मापून, तोळामासा, हे कुठे वापरायचे?

तोलामोलाचा म्हणजे बरोबरीचा, वजनाने पण आणि किमतीने पण. सोयरिकीत हा शब्द लय चालते, "तोलामोलाचं घर पाहिजे". यात तोल म्हणजे जुना अर्थ, वजन. तोलून मापून बोलणे म्हणजे प्रत्येक शब्दाचा भार बघून बोलणे. तोळामासा प्रकृती म्हणजे जरा वारं लागलं की आजारी. बारा मासे म्हणजे एक तोळा, तोळा म्हणजे साधारण 11.66 ग्रॅम, सोनाराकडे मात्र बोलीत आता 10 ग्रॅमलाच तोळा म्हणतात, त्यामुळे आजीचे पाच तोळे आणि सुनेचे पाच तोळे सारखे नाहीत. घरात हा विषय काढायच्या आधी 4 नंबर वाचा.

12. पेपरात "प्रादेशिक असमतोल" येते, कधी "असंतुलन" येते, कधी "अनुशेष". विदर्भाच्या बाबतीत नेमका कोणता?

असमतोल आणि असंतुलन अर्थाने सारखे, पण या विषयात असमतोल रुळला आहे. अनुशेष वेगळा आहे आणि दोन्ही एकमेकांच्या जागी टाकू नका. असमतोल म्हणजे स्थिती, एक भाग पुढे गेला आणि एक मागे राहिला. अनुशेष म्हणजे त्या मागे राहण्याचं मोजलेलं माप, सिंचन, रस्ते, वीज यात राज्याच्या सरासरीपर्यंत यायला किती बाकी आहे तो हिशोब.

हा शब्द घरोघरी पोचला तो दांडेकर समितीमुळे. 1983 मध्ये राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली, 1984 मध्ये अहवाल आला आणि जिल्हावार अनुशेष मांडला गेला. त्याच्या आधी 1953 च्या नागपूर करारात विदर्भाला दिलेल्या आश्वासनांची चर्चा होतीच. पुढे राज्यघटनेच्या कलम 371(2) खाली 1994 मध्ये विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ झालं. मग 2011 मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा विषयच समतोल प्रादेशिक विकास होता, अहवाल 2013 मध्ये दिला.

आता 3 नंबरचा नियम इथे ताणला जातो, कागद असूनही संतुलन नाही आलं, समतोल आला. माझ्या मते बरोबरच आहे कारण हा हिशोबाचाच विषय. आणि 7 नंबर इथे परत लागू होतो : जिल्ह्याला सारखे पैसे वाटले म्हणजे समतोल झाला असं नाही, ज्याची विहीर खोल त्याला दोर जास्त लागते. यावर कोणाचं दुमत असेल तर असू द्या, मी माझं सांगितलं.

13. दोन्ही बाजूंना हो हो करणाऱ्याला "समतोल माणूस" म्हणता येते का?

अजिबात नाही. त्याच्यासाठी मराठीत भरपूर शब्द आहेत, दोन्ही डगरींवर हात ठेवणारा, तळ्यात-मळ्यात करणारा. समतोल माणूस म्हणजे दोन्ही बाजू ऐकून, कोणाचं किती वजन ते बघून, शेवटी एक काहीतरी सांगणारा. निवाडा न देता उठून जाणारा पंच समतोल नसते, तो फक्त हुशार असते.

तटस्थ पण वेगळा. तट म्हणजे काठ, तटस्थ म्हणजे काठावर उभा. पाण्यात उतरलाच नाही. कधी ते योग्य असते, मतमोजणीच्या अधिकाऱ्याने तटस्थच राहावं. पण धुऱ्याच्या भांडणात दोघा भावांमधे बसलेल्या म्हाताऱ्याने तटस्थ राहून काय उपयोग, त्याने समतोल राहावं.

आणखी एक जवळचा शब्द तारतम्य. संस्कृतात तुलनेसाठी तर आणि तम हे प्रत्यय लागतात, लघु, लघुतर, लघुतम. त्या तर-तम पासून तारतम्य. म्हणजे कशाला किती महत्त्व, हे वर-खाली लावायची अक्कल. तारतम्य असलं की समतोल बहुतेक जमतो. आणि ताळतंत्र सुटलं की तोल जातो, ते 4 मध्ये आलंच.

14. बातमीत "मानसिक संतुलन बिघडलेल्या इसमाने" असं लिहितात. आपण लिहावं का?

मी टाळतो. एक तर लिहिणाऱ्याने तपासलेलं नसते, शेजाऱ्याने सांगितलं ते छापलं. दुसरं म्हणजे गावात तो शिक्का एकदा बसला की पोरीच्या सोयरिकीपर्यंत जातो. उपचार चालू असतील आणि सांगणं गरजेचंच असेल तर "मानसिक आजारावर उपचार सुरू होते" असं सरळ लिहा. रागाच्या भरात काही केलं असेल तर "रागाचा तोल सुटला" लिहा, आजाराच्या खात्यात राग टाकू नका. आत्महत्येच्या बातमीत तर "मनाचा तोल ढळला" हे वाक्य चिकटवायची सवयच आहे, कर्ज, नापिकी, घरचा ताण हे सगळं त्या तीन शब्दांखाली दडपलं जाते.

15. शाळेच्या पुस्तकात कुठे संतुलित, कुठे समतोल, कुठे नुसता तोल. पाठ कसं करायचं?

विषयाप्रमाणे. विज्ञानात संतुलित : संतुलित रासायनिक समीकरण, संतुलित आणि असंतुलित बल. समीकरणात दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे पाहिजेत, इथे मात्र खरोखर "सारखं" लागते, म्हणून 7 नंबरचं उत्तर इथे लावून मार्क घालवू नका. अर्थशास्त्रात देशाच्या आयात-निर्यातीतला फरक म्हणजे व्यापारतोल आणि परदेशाशी होणाऱ्या सगळ्या व्यवहारांचा हिशोब म्हणजे व्यवहारतोल, इथे अंगाबिंगाचा काही संबंध नसून तोल आला, हा 3 चा दुसरा अपवाद. मागणी आणि पुरवठा जिथे जुळतात तिथे समतोल. पुस्तकात जो आहे तोच उत्तरपत्रिकेत लिहा, आपली विद्वत्ता नंतर दाखवा.

16. फवारणी करताना गरगरलं, डॉक्टरला "तोल जातो" सांगू की "चक्कर येते"?

आधी दवाखान्यात जा, शब्द रस्त्यात ठरवा. फवारताना डोकं गरगरणं, मळमळ, घाम, डोळ्यापुढे अंधुक होणं ही विषबाधा असू शकते, 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून किती माणसं गेली ते सगळ्यांना माहीत आहे. पंप खाली, कपडे बदला, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्या.

एरवी हा फरक डॉक्टरला कामाचा असते. भोवळ किंवा घेरी म्हणजे डोळ्यापुढे अंधारी येऊन शुद्ध जाते असं वाटणं. गरगरणं म्हणजे आपण स्थिर पण घर फिरून राहिलं असं वाटणं, त्याचा संबंध बरेचदा कानाशी असते, कारण आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यातल्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला डोकं कुठे वळलं ते समजते. तोल जाणं म्हणजे डोकं ठीक आहे पण चालताना पाय भलतीकडे पडतात. आणि अचानक तोल जाऊन तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं किंवा हात उचलेना तर तो पक्षाघात असू शकते, तिथे तासाला किंमत आहे, बुवाकडे नेऊ नका.

17. "निसर्गाचा समतोल" बरोबर की "निसर्गाचा तोल"?

दोन्ही. एकूण व्यवस्था म्हणायची असेल तर समतोल, बिघडला हे जोरात सांगायचं असेल तर तोल ढळला. वाघ, रोही (नीलगाय), रानडुक्कर, पीक आणि माणूस यांचा समतोल राखा असं लिहिणाऱ्यांनी एकदा हरभऱ्याच्या वावरात जागलीला येऊन बसावं, एवढीच विनंती.

18. लाडूतुला, रक्ततुला, वहीतुला. इथे तुला म्हणजे तराजू की वजन?

तुला म्हणजे तराजू, आणि त्या विधीचं नाव पण तुला. माणसाच्या वजनाएवढी वस्तू दान करणं म्हणजे तुलादान, शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकात पण तुलादान झालं होतं. आता पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लाडूतुला होते. त्यातली वहीतुला मला बरी वाटते, वह्या शाळेत जातात. रक्ततुलेत माणसाएवढ्या वजनाचं रक्त गोळा केलं असं सांगतात, तिथे पिशव्या किती झाल्या ते रक्तपेढीला विचारा.

राशीचं नाव तूळ, दीर्घ ऊ. पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व : तुळेचा, तुळेत. मूळ, मुळाचा जसं होते तसंच.

19. "वर्क लाइफ बॅलन्स"ला मराठीत काय म्हणायचं? कामजीवन संतुलन?

कामजीवन हा शब्द लिहू नका, त्याचा अर्थ भलताच होते. घर आणि नोकरी सांभाळणं म्हणा, पुरते. अंगणवाडी सेविका ताई सकाळी रोवणीचा डबा करून, पोराला शाळेत सोडून, मग केंद्रावर जाऊन, दुपारी ऑनलाइन माहिती भरून, संध्याकाळी परत वावरात जाते, त्याला मराठीत तारेवरची कसरत म्हणतात. आणि लेखात नामच पाहिजे असेल तर "घर-कामाचा समतोल" लिहा, विशेषण पाहिजे असेल तर 3 बघा.